आयर्लंडचं रान मोकळं कसं झालं?

आयर्लंड फिरून आलेल्या मराठी कुटुंबाचे फोटो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेले असतात. मोहरचे उभे कडे, किलार्नीचे तलाव, रंगीबेरंगी दुकानांची ओळ, दगडी बांधांमधली हिरवी शेतं आणि रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून उभी राहिलेली एखादी मेंढी. फोटो दाखवता दाखवता एक वाक्य हमखास येतं, "किती मोकळं आहे हो सगळं! तासन्‌तास गाडी चालवा, माणूस दिसत नाही." पुण्या-मुंबईच्या काय किंवा लंडन, न्यू जर्सी, दुबईच्या काय, गर्दीतून गेलेल्या माणसाला हे मोकळेपण सुखावतं यात नवल नाही.

मी गेली दोन वर्षं कॉर्क शहरात राहून संशोधन करते आहे. माझी पीएचडी सोलापूर आणि अहमदनगर भागातल्या १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सरकारी कागदपत्रांवर झाली. त्यामुळे रिकामं रान दिसलं की तिथली जुनी जनगणना उघडून बघायची खोड लागली आहे. आयर्लंडची उघडली, तेव्हा आकडे असे निघाले. १८४१ साली या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं राहत होती. दहा वर्षांनी, १८५१ मधे, ६५ लाख ५२ हजार. आणि आज? आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून २०२१-२२ च्या जनगणनेत सुमारे ७० लाख. म्हणजे एकशे ऐंशी वर्षांनंतरही या बेटाची लोकसंख्या पूर्वीच्या आकड्याला पोचलेली नाही. पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात तेव्हा ३ लाख ८९ हजार लोक होते. आता सुमारे १ लाख ३८ हजार आहेत.

तेव्हा आयर्लंडच्या देखाव्यातला बराचसा मोकळेपणा निसर्गाने दिलेला नाही. तो एका ठरावीक काळात, ठरावीक कायद्यांनी आणि ठरावीक माणसांच्या सह्यांनी घडलेला आहे. हे कळल्यावर तिथलं सौंदर्य कमी होतं असं मला वाटत नाही. पण पाहणं बदलतं. या लेखात नेहमीच्या सहलीतलीच गावं आणि शहरं घेतली आहेत, फक्त ती थोडी वेगळ्या अंगाने पाहू.

बटाटा आणि खंड

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४५ पूर्वीच्या आयर्लंडमधे जमीन जमीनदारांची होती, आणि त्यांतले पुष्कळजण इंग्लंडमधे राहत. जमीनदाराच्या हाताखाली मोठं कूळ, त्याच्याखाली पोटकूळ आणि सगळ्यांत खाली मजूर, ज्याला मजुरीच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा मिळे. शेतात ओट आणि गहू पिकत, लोणी निघे, डुकरं पाळली जात. पण ते सगळं खंड भरण्यासाठी विकायचं असे. घरात खायला बटाटा. एवढ्याशा तुकड्यावर सबंध कुटुंबाचं वर्षभर पोट भरेल असं दुसरं पीक नव्हतं.

सप्टेंबर १८४५ मधे बटाट्यावर करपा आला. १८४६ मधे जवळजवळ सगळं पीक सडलं. १८४७ मधे रोग कमी होता, पण लावायला बेणंच उरलं नव्हतं. १८४८ मधे करपा पुन्हा आला. या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. करपा त्या काळात युरोपच्या इतर देशांतही पडला होता, पण एवढा संहार दुसरीकडे कुठे झाला नाही.

कॉर्क : लोण्याचं शहर

कॉर्कला येणारा पर्यटक दोन ठिकाणी जातोच. एक म्हणजे १७८८ पासून चालू असलेला इंग्लिश मार्केट नावाचा मंडईबाजार, आणि दुसरं म्हणजे नदीपलीकडच्या टेकडीवरचं शॅन्डनचं सेंट अ‍ॅन चर्च, जिथे आपण स्वतः दोर ओढून घंटा वाजवू शकतो. चर्चच्या अगदी शेजारी लोण्याच्या बाजाराची जुनी इमारत आणि लोण्याचं संग्रहालय आहे. बरेचजण घंटा वाजवून तिथूनच परत फिरतात. तसं करू नका.

एकोणिसाव्या शतकात कॉर्कचा लोणीबाजार जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी होता. केरी आणि पश्चिम कॉर्कच्या डोंगरांतून घोड्यांवर, गाड्यांवर लादून लोणी इथे येई. त्यासाठी खास रस्ते बांधले होते आणि त्यांना आजही 'लोण्याचे रस्ते' म्हणतात. इथे लोण्याची प्रत ठरे, पिंपावर शिक्का बसे आणि पिंपं जहाजांवर चढून वेस्ट इंडीजपर्यंत जात. खारवलेलं गोमांस ब्रिटिश आरमारासाठी जाई. इंग्लिश मार्केटची ती श्रीमंत मांडणी या व्यापारावर उभी राहिली.

दुष्काळाच्या वर्षांतही लोणी आणि जनावरं बंदरातून बाहेर जात राहिली. धान्याची निर्यात घटली आणि १८४७ मधे आयात निर्यातीपेक्षा वाढली, हेही खरं आहे. इतिहासकारांत याविषयी बरीच भांडणं आहेत. पण बाजार चालू असताना बाजाराबाहेरचा माणूस उपाशी मरू शकतो, ही गोष्ट कॉर्कमधे नीट समजते. ज्याच्याकडे विकायला काही उरलं नाही, त्याच्यासाठी भरलेली मंडई काही कामाची नसते. सोलापूरच्या कागदांत मी हेच वाचत होते. तिथेही १८७७ मधे आगगाडी धान्य आणत होती, पण भाव मजुराच्या हाताबाहेर गेले होते.

स्किबरीन : बघायला आलेले लोक

कॉर्कहून नैर्ऋत्येला सुमारे ८० किलोमीटरवर स्किबरीन हे छोटंसं गाव आहे. पुढचा किनारा इतका देखणा आहे की बहुतेक गाड्या गावात थांबत नाहीत. गावाबाहेर नदीकाठी अ‍ॅबेस्ट्रॉरीचं कब्रस्तान आहे. त्यात गवताचा एक सपाट चौकोन आहे, आणि त्याखाली दुष्काळात मेलेली ८ ते १० हजार माणसं पुरलेली आहेत. कुणाच्या नावाचा दगड नाही. कारण पेट्याही नव्हत्या आणि नावं लिहून ठेवायला कुणाला उसंतही नव्हती.

स्किबरीनचं नाव जगभर झालं ते वर्तमानपत्रांमुळे. निकोलस कमिन्स या कॉर्कच्या मॅजिस्ट्रेटने तिथे पाहिलेलं सगळं ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पत्रात लिहिलं, आणि ते २४ डिसेंबर १८४६ ला, नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनच्या 'टाइम्स'मधे छापून आलं. पाठोपाठ फेब्रुवारी १८४७ मधे कॉर्कचा चित्रकार जेम्स महोनी याची चित्रं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधे आली. आज दुष्काळावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हीच चित्रं असतात.

हे वाचून ऑक्सफर्डमधून दोन विद्यार्थी स्किबरीन पाहायला आले आणि परत जाऊन त्यांनी त्या प्रवासाची छोटी पुस्तिका छापली. त्यांतला एक वीस वर्षांचा जमीनदार होता, लॉर्ड डफरिन. हाच डफरिन १८८४ मधे भारताचा व्हाइसरॉय झाला. मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा कलकत्त्याला गादीवर हाच होता. तरुणपणी स्किबरीनच्या झोपड्यांत जाऊन आलेला हा माणूस आयर्लंडमधे शेवटपर्यंत जमीनदारांच्या बाजूने उभा राहिला. दुःख डोळ्यांनी पाहिलं म्हणजे माणूस बदलतोच असं नाही. पर्यटक म्हणून आपणही हे लक्षात ठेवलेलं बरं.

कोव्ह : निरोपाचं बंदर

कॉर्कहून लोकल गाडीने पंचवीस मिनिटांत कोव्ह येतं. टेकडीवर ओळीने उतरत जाणारी रंगीत घरं, वर उंच सेंट कोलमन कॅथीड्रल, खाली निळं बंदर. आयर्लंडच्या कॅलेंडरवर हमखास असणारं दृश्य. ऑगस्ट १८४९ मधे व्हिक्टोरिया राणी इथे उतरली, म्हणून गावाचं नाव बदलून क्वीन्सटाउन ठेवलं गेलं. दुष्काळ अजून संपला नव्हता. स्वातंत्र्याच्या काळात ते पुन्हा कोव्ह झालं.

१८४८ ते १९५० या काळात आयर्लंडमधून ६० लाखांहून अधिक लोक बाहेर गेले. त्यांपैकी सुमारे २५ लाख या एका बंदरातून गेले. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड स्थलांतर केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद झाली ती अ‍ॅनी मूर या मुलीची. ती इथूनच बोटीत बसली होती. धाकट्या दोन भावांसह तिचा पुतळा धक्क्यावर आहे. 'टायटॅनिक'ने शेवटचा मुक्काम ११ एप्रिल १९१२ ला इथेच केला. पर्यटक टायटॅनिकच्या पाट्यांजवळ गर्दी करतात, पण मला अ‍ॅनीचा पुतळा जास्त बोलका वाटतो.

आपण परदेशात राहणारे मराठी लोक हा पुतळा बघताना थोडे सावध असायला हवं. व्हिसा, पदवी आणि परतीचं तिकीट घेऊन निघालेला माणूस आणि भाड्यापुरते पैसे जमवून कायमचा निघालेला माणूस सारखे नाहीत. परदेशी निघालेल्या मुलासाठी आयरिश घरांत आदल्या रात्री जागरण होई. मेलेल्या माणसाजवळ रात्रभर बसतात तशी ती रात्र असे, कारण तो पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. आपल्या घरची व्हॉट्सअ‍ॅपवरची रोजची हाक आणि ती रात्र यांची तुलना होत नाही.

कोव्हहून परतताना मधे गाडी बदलून मिडल्टनला जाता येतं. तिथल्या बागेत स्टेनलेस स्टीलची नऊ उंच पिसं वर्तुळात उभी आहेत. १८४७ मधे अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांनी आयर्लंडसाठी वर्गणी पाठवली होती. त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हुसकावून दिल्याला तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्या मदतीची ही आठवण. कलकत्त्यातूनही दुष्काळग्रस्तांसाठी सुमारे १४ हजार पौंड गेले होते. देणाऱ्यांत हिंदुस्थानात चाकरी करणारे आयरिश शिपाई होते, तसे हिंदी लोकही होते. या मदतीचं स्मारक मात्र मला अजून कुठे दिसलेलं नाही.

दहा गुंठ्यांचा कायदा

आता पश्चिमेकडे जाऊ. एनिस सोडून गॉलवेकडे निघालं की वाटेत गॉर्ट लागतं आणि गॉर्टजवळ कूल पार्क. आयरिश साहित्यात रस असलेल्या माणसाला हे तीर्थक्षेत्र. लेडी ग्रेगरीचं घर इथे होतं. येट्‌स उन्हाळेच्या उन्हाळे इथे राहिला, आणि अ‍ॅबी थिएटरची कल्पना याच मंडळींनी उभी केली. घर पाडलं गेलं, पण बागेतलं जुनं बीचचं झाड आहे, आणि त्याच्या बुंध्यावर येट्‌स, शॉ वगैरेंनी कोरलेली आद्याक्षरं अजून दिसतात.

याच घराचा आधीचा मालक, लेडी ग्रेगरीचा नवरा सर विल्यम ग्रेगरी, १८४७ मधे ब्रिटिश पार्लमेंटात होता. गरिबांच्या मदतीच्या कायद्यात त्याने एक कलम घालायला लावलं. ज्या कुटुंबाकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. घरात खायला दाणा नाही, मूल तापाने फणफणलं आहे, पण नावावर बारा गुंठे असतील तर आधी ते सोडा, मग सूप आणि कोरडी भाकरी मिळेल. सोडलं की झोपडीही जाई, कारण जमीनदाराची माणसं लगेच छप्पर उतरवत. शिवाय ४ पौंड किंवा त्याहून कमी किमतीच्या कुळवहिवाटीवरचा कर जमीनदाराला भरावा लागे. त्यामुळे लहान कुळं जितकी कमी तितका त्याचा फायदा. दोन्ही नियम मिळून गावंच्या गावं उठली. १८४१ च्या जनगणनेत एका खोलीच्या मातीच्या झोपड्या सुमारे ४ लाख ९१ हजार होत्या. १८५१ मधे १ लाख ३६ हजार उरल्या.

म्हणून कूल पार्कला मी पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगते. ज्या नावाने ते कलम ओळखलं जातं, त्याच नावाच्या बाईंनी पुढे गावोगाव हिंडून आयरिश लोककथा गोळा केल्या. येट्‌सचा तर मराठीशी थेट संबंध आला. आयुष्याच्या उतारवयात त्याने दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते श्रीपुरोहित स्वामींच्या सोबतीने. हे स्वामी वऱ्हाडातल्या बडनेऱ्याचे. स्वामींच्या गुरूंनी मराठीत लिहिलेल्या कैलास-मानससरोवर यात्रेच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९३४ मधे लंडनमधे निघालं, त्याला प्रस्तावना येट्‌सची आहे.

खडी, रस्ते आणि मका

पश्चिम आयर्लंडमधे चालायला जाणाऱ्यांना डोंगराच्या कडेने जाणारे आणि मधेच संपणारे रस्ते भेटतात. किलरीच्या खाडीलगतची हिरवी पायवाट त्यांतलीच. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारने दुष्काळी कामं काढली. फुकट दिलं तर लोक आळशी होतील, म्हणून खडी फोडा, रस्ता बांधा आणि मजुरी घ्या. मार्च १८४७ मधे ७ लाखांवर माणसं या कामांवर होती. पण मजुरी इतकी कमी आणि धान्य इतकं महाग, की थंडीत खडी फोडता फोडता माणसं कोसळली. शेवटी सरकारला कामं बंद करून सूप वाटावं लागलं, आणि १८४७ च्या उन्हाळ्यात रोज ३० लाख लोकांना ते मिळालं. म्हणजे मनात आणलं तर अन्न पोचवता येत होतं. पण सहा महिन्यांच्या आत तेही थांबवलं.

दुष्काळी कामं म्हटलं की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ आठवतं. खडी, सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो. इकडेही अमेरिकेचा मका आला होता. तो कसा दळायचा, कसा शिजवायचा हे ठाऊक नसल्याने लोकांची पोटं बिघडली. महाराष्ट्रात मे १९७३ मधे सुमारे ५० लाख लोक कामांवर होते, हाल पुष्कळ झाले, पण १८४७ सारखा संहार झाला नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. खडी तीच. फरक एवढाच, की मजुरी वेळेवर न मिळाल्यास मोर्चा काढता येत होता आणि मत मागायला परत गावात यावं लागणारे पुढारी होते.

आयर्लंडच्या मदतीचा खजिना ज्याच्या हातात होता, तो चार्ल्स ट्रेव्हेलियन कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीतून आलेला. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर आणि मग भारताचा अर्थसदस्यही झाला. अथेनराय या गॉलवेजवळच्या गावाच्या नावाचं एक गाणं आयरिश लोक स्टेडियममधे हजारोंच्या आवाजात म्हणतात. ते १९७० च्या दशकातलं, पीट सेंट जॉनचं, आणि त्यात या ट्रेव्हेलियनचं नाव येतं. आपल्याकडे १८७७ मधे रिचर्ड टेंपलने दुष्काळी मजुराचं रोजचं धान्य एका रतलावर आणलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज केले. टेंपलच्या नावाचं गाणं मात्र आपण म्हणत नाही. मुंबईचा गव्हर्नर म्हणूनच त्याचं नाव आपल्या पुस्तकांत आहे.

गॉलवे, कॉनेमारा आणि बॅली-किल-नॉक

गॉलवे शहर आनंदी आहे. स्पॅनिश आर्च, रस्त्यावरचे वादक, जुलैमधला कला महोत्सव. नदीपलीकडे क्लॅडा ही कोळ्यांची जुनी वस्ती. समुद्र समोर असताना माणसं उपाशी का मेली, असा प्रश्न सगळेच विचारतात. क्लॅडा त्याचं उत्तर देतं. होड्या लहान होत्या, समुद्र अवघड होता, आणि पहिल्या टंचाईतच कोळ्यांनी जाळी गहाण टाकली होती.

पुढे कॉनेमारा. दगड, पाणी आणि आभाळ. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डोंगराच्या उतारावर नीट पाहा. खूप वरपर्यंत समांतर रेघा दिसतील. ते सरी-वरंबे आहेत, बटाट्याचे. ज्या उतारावर आज मेंढीही जपून चढते, तिथे माणसं समुद्राचं शेवाळ पाठीवर नेऊन माती तयार करत होती. एकदा ते वरंबे दिसायला लागले की मग सगळीकडे दिसतात.

कायलमोर अ‍ॅबी आणि बॅलिनाहिंच या दोन सुंदर वास्तू इथेच आहेत. बॅलिनाहिंचची मार्टिन घराण्याची प्रचंड जहागीर दुष्काळात बुडाली. मालक थॉमस मार्टिन आपल्या कुळांना भेटायला क्लिफडेनच्या वर्कहाउसमधे (गरीबगृहात) गेला आणि तापाने १८४७ मधे मेला. जहागीर एका लंडनच्या विमा कंपनीकडे गेली. पुढे १९२४ मधे हा वाडा नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे आपल्या रणजी करंडकाच्या रणजींनी विकत घेतला. ते मासेमारीसाठी येत, आणि त्यांच्या पुतण्या कायलमोरच्या शाळेत शिकल्या.

या भागात पाट्या आयरिशमधे आहेत. एक छोटी किल्ली देते, प्रवासात उपयोगी पडेल. 'बॅली' म्हणजे गाव, 'किल' म्हणजे चर्च, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'डून' किंवा 'डन' म्हणजे गढी, 'लॉख' म्हणजे तळं. इंग्रजी नकाशे करताना, १८२४ ते १८४६ च्या सर्वेक्षणात, ही नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिली गेली. १८२९ मधे जॉर्ज एव्हरेस्ट हेच सर्वेक्षण पाहायला आयर्लंडला आला होता आणि इथली मोजणीची साधनं त्याने हिंदुस्थानात नेली. आपल्याकडची 'पूना' आणि 'शोलापूर' ही याच कानाची भावंडं.

दुष्काळाचा सर्वांत मोठा घाव आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेवर पडला. जे जगले त्यांना इंग्रजी हवी होती, कारण अमेरिकेत तीच कामाची. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना नेऊन सोडणाऱ्या आईबापांनी या दोन आकड्यांकडे जरूर पाहावं. शाळेतून भाषा 'येते'. घरात ती राहील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

डूलॉख आणि मेयो

लूइसबर्गहून डेल्फायला जाणारा रस्ता डूलॉख नावाच्या काळ्या तळ्याकाठून जातो. आयर्लंडमधला सर्वांत सुंदर रस्ता कोणता विचाराल तर मी हाच सांगेन. ३० आणि ३१ मार्च १८४९ ला शेकडो भुकेली माणसं या वाटेने चालत गेली. मदतीसाठी अधिकाऱ्यांपुढे हजर व्हा, असं त्यांना सांगितलं होतं, आणि अधिकारी डेल्फायच्या बंगल्यात उतरले होते. मदत मिळाली नाही. परतताना थंडीपावसात किती माणसं वाटेत मेली याचा नक्की आकडा कुणाकडे नाही. तिथे एक साधा दगडी क्रूस उभा आहे, आणि त्यावर महात्मा गांधींचं वाक्य कोरलेलं आहे, माणसाने माणसाच्या केलेल्या अवमानाबद्दलचं. आसपास घर नाही, दुकान नाही. मराठी माणूस तिथे उभा राहिला की काही क्षण गप्प होतो, असा माझा अनुभव आहे.

पुढे अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ८०-१०० बिनछपराची दगडी घरं एका ओळीत आहेत. इथे एक खबरदारी. आयर्लंडमधलं प्रत्येक पडकं घर १८४७ चं नसतं. स्लीव्हमोर हळूहळू रिकामं झालं, आणि त्यातली काही घरं गुरं चारायच्या हंगामात विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. दुष्काळाने सुरू केलेलं काम पुढची शंभर वर्षं बोटींनी केलं.

मेयोने फक्त सोसलं असं मात्र नाही. २१ ऑक्टोबर १८७९ ला कासलबारमधे लँड लीगची स्थापना झाली. तिचा नेता मायकेल डेव्हिट मेयोचाच, लहानपणी घरातून हाकलला गेलेला. पुढच्या वर्षी बॅलिनरोबजवळ लॉख मास्कच्या काठी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार बंद केले. त्याचं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई आणावे लागले. 'बॉयकॉट' हा शब्द तिथे जन्मला. पण रीत आपल्याला नवी नव्हती. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकाराला असंच वाळीत टाकलं होतं, आणि पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगे उसळले. टिळकांच्या काळी हाच आयरिश शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. १९१६ च्या एप्रिलअखेर डब्लिनमधे ईस्टरचा उठाव चालू होता, आणि त्याच सुमारास बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती. 'होमरूल' हा शब्दही आयर्लंडचाच.

आयरिश कुळांना १९०३ च्या कायद्याने जमिनी विकत घेता आल्या. आपल्याकडे कूळकायदा आला १९४८ मधे.

आता

डब्लिनमधे लिफी नदीच्या धक्क्यावर रोवन गिलेस्पीने केलेले दुष्काळग्रस्तांचे कांशाचे पुतळे आहेत. हडकलेली माणसं गाठोडी घेऊन बोटीकडे निघालेली. १९९७ पासून ती तिथे उभी आहेत. त्यांच्याभोवती आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत जगभरातून आलेले लोक काम करतात. आपलेही. २०२२ मधे भारतीय नागरिकत्व असलेले सुमारे ४५ हजार लोक प्रजासत्ताकात होते, आणि त्यानंतर ते आणखी वाढले. इस्पितळात परिचारिका, ऑफिसात संगणकवाले, विद्यापीठात माझ्यासारखे. दीडशे वर्षं माणसं बाहेर पाठवणारा देश आता माणसं घेतो आहे.

हे सगळ्यांना रुचलेलं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिन आणि परिसरात भारतीयांवर हल्ले झाले. आमच्या ओळखीतल्या काहींनी संध्याकाळी एकटं फिरणं बंद केलं. 'जागा नाही' ही घोषणा त्याच बेटावर ऐकू आली, जिथे १८४१ पेक्षा आजही दहा लाख माणसं कमी आहेत. घरांची टंचाई खरी आहे, भाडी परवडत नाहीत हेही खरं, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण त्याच दिवसांत कित्येक आयरिश लोक रस्त्यावर उतरून म्हणत होते, की आमची माणसं जिथे जिथे गेली तिथे त्यांनाही असंच बोललं गेलं होतं. ज्यांना हा इतिहास आठवतो आणि ज्यांना तो नुसता दगडात हवा आहे, अशा दोघांमधली ही ओढाताण आहे. तिचा निकाल अजून लागलेला नाही.

म्हणून आयर्लंडला जरूर या. मोहरचे कडे बघा, किलार्नीला टांग्यात बसा, गॉलवेत रात्री संगीत ऐका. त्यातलाच एक दिवस काढून स्किबरीन किंवा डूलॉख करा. वाटेत कुणी स्थानिक भेटला तर त्याच्या गावाच्या नावाचा अर्थ विचारा आणि त्याचं कोण कुठे गेलं ते विचारा. बॉस्टन, लिव्हरपूल, सिडनी, काहीतरी उत्तर येईलच. मग तो तुम्हाला विचारेल, तुम्ही कुठले? तेव्हा घाईने 'इंडिया' म्हणून थांबू नका. तुमच्या गावाचं नाव सांगा, त्याचा अर्थ सांगा आणि तिथून कोण कुठे गेलं तेही सांगा.